कोटीतलं एक पाऊल

सगळं सुरू झालं ते एका अर्ध्या पावलावरून.

सहा वर्षांपूर्वी नानांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. नाना म्हणजे आपल्या जावईबापूंचे सासरे. चाळीस वर्षं त्यांनी पुलांचे आणि पाण्याच्या टाक्यांचे नकाशे काढले. निवृत्त झाल्यावरही टेबलावर वर्तमानपत्र ठेवताना ते कडेला समांतर आहे की नाही हे बघितल्याशिवाय वाचायला घेत नसत. अशा माणसाला डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं, "रोज चालत जा."

"किती?" नानांनी विचारलं.

"जमेल तितकं."

"जमेल तितकं हे माप नाही," नाना म्हणाले. पलंगावर आडवे, छातीवर टाके, आणि तरी म्हणाले.

डॉक्टर हसले. म्हणाले, "बरं, रोज पावणेआठ हजार पावलं टाका. सहा वर्षं असं चाललात, की तपासायला या. त्या दिवसापासून मी तुम्हाला पेशंट म्हणणार नाही."

डॉक्टर हे बोलून दुसऱ्या खाटेकडे वळले आणि बहुधा विसरूनही गेले. नाना विसरले नाहीत. घरी येताच त्यांनी हिशेब मांडला. सहा वर्षांची पावलं झाली एक कोटी एकोणसत्तर लाख बहात्तर हजार पाचशे. त्यात सुरक्षिततेसाठी साडेसत्तावीस हजार घालून (पूल असो की माणूस, नाना वर थोडं जास्तीचं धरतातच) त्यांनी आकडा पक्का केला, एक कोटी सत्तर लाख. 'पेशंट' या शब्दाचा त्यांना भयंकर राग होता. ऑपरेशनच्या आधी ते ड्राफ्ट्समन होते, नवरा होते, बाप होते. नंतर घरात येणारा जाणारा जो तो त्यांना पेशंट म्हणू लागला आणि खुर्ची पुढे सरकवू लागला.

आता पावलं मोजायची तर यंत्र हवं. दुकानात तयार यंत्रं होती. जावईबापूंनी तीन आणून दाखवली. नानांनी तिन्ही परत पाठवली.

"यात जिन्याचं पाऊल किती धरतात?"

"एकच, नाना. पाऊल म्हणजे पाऊल."

"चढताना जोर जास्त लागतो. दीड धरायला हवं."

"आणि उतरताना?"

"एक. उतरताना पृथ्वी मदत करते."

यावर शहाण्या माणसाने मान डोलावून विषय बदलला असता. पण जावईबापू वजनमापे कार्यालयात कारकून होते, शिवाय तीन आठवड्यांचा प्रोग्रॅमिंगचा कोर्स नुकताच पुरा करून त्यांनी सर्टिफिकेट चौकटीत लावून बैठकीत टांगलं होतं. (चौकट सर्टिफिकेटपेक्षा भारी होती.) त्यांच्या तोंडून निघून गेलं, "त्यात काय, मीच करून देतो!"

खरं सांगायचं तर हे नुसत्या हौसेपोटी नव्हतं. लग्नाआधी जावईबापू पहिल्यांदा या घरी आले, तेव्हा घाबरून त्यांनी चहाचा अख्खा कप नानांच्या नकाशावर सांडला होता. सहा आठवड्यांचं काम होतं ते. जावईबापूंनी मनातल्या मनात लग्न मोडूनही टाकलं. नाना मात्र सासूबाईंना म्हणाले, "नकाशा परत काढता येतो. पोरगा थरथरतोय, त्याला आधी पाणी द्या." तेव्हापासून या माणसासाठी आपण काहीतरी करावं, असं जावईबापूंना सारखं वाटत असे आणि करण्यासारखं काही सापडत नसे. अर्धं पाऊल सापडलं, ते त्यांनी घट्ट धरलं.

आठ दिवसांत यंत्र तयार झालं. साबणाची प्लॅस्टिकची डबी, आत एक छोटा बोर्ड, हिसका ओळखणारी चकती, वर आकडे दाखवणारी पट्टी आणि बाजूला एक खटका. खटका खाली केला की 'सपाट', वर केला की 'जिना'. सपाटीवर हिसका बसला की एक मिळवायचा, जिन्यावर बसला की दीड. प्रोग्रॅम अकरा ओळींचा होता. त्यात आकडा ठेवायला जागा सांगावी लागते, पूर्णांकाची की दशांशाची. दीड म्हटल्यावर दशांश आलाच. जावईबापूंनी दशांशाची जागा सांगितली, डबी नानांच्या पट्ट्याला अडकवली आणि त्या दिवशी ते घरात इतके ताठ चालले, की बायकोने विचारलं, "मान आखडली का?"

सहा वर्षं डबी चालली. नाना दुसऱ्या मजल्यावर राहत, लेक-जावई खाली पहिल्यावर. रोज सकाळी नाना खाली उतरत, बागेत फेऱ्या घालत, परतताना जिन्याच्या पायथ्याशी थांबून खटका वर करत, छत्तीस पायऱ्या चढत, दाराशी खटका खाली करत आणि संध्याकाळी आकडा वहीत उतरवून ठेवत. सहा वर्षांत एकदाही खटका चुकला नाही. जावईबापू ऑफिसात ज्याला त्याला सांगत, "आमच्या सासऱ्यांचं हृदय डॉक्टरांनी दुरुस्त केलं. पण चालवतोय मी."

सहा वर्षं पुरी व्हायला जेमतेम दोन दिवस उरले होते. डॉक्टरांची वेळ घेऊन झाली होती, परवा सकाळी अकराची. आणि अशात एका संध्याकाळी सासूबाई खाली आल्या.

"अगं, तुझ्या वडिलांनी जिन्यात बिऱ्हाड केलंय," त्या लेकीला म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे दिवसभर जिन्यात असतात. वर येतात, दाराला हात लावतात, परत खाली. विचारलं तर म्हणतात, जरा किल्ली राहिली. पुन्हा विचारलं तर म्हणतात, टपाल बघतो. दिवसाला वीस वेळा टपाल? एवढी पत्रं मंत्र्याला येत नाहीत!"

"कधीपासून हे?"

"महिना होत आला. आधी वाटलं, माझ्यावर रुसलेत."

"तुमचं काही झालं होतं का?"

"चाळीस वर्षांच्या संसारात काही झालं नाही असा दिवस सांग."

जावईबापूंनी इथे आपली अक्कल पाजळली. ते म्हणाले, "मला वाटतं, ते चोरून विड्या ओढत असावेत." (या वाक्याबद्दल बायकोने त्यांना अजून पुरतं माफ केलेलं नाही.) शेवटी असं ठरलं, की जावईबापूंनी जिन्यात जाऊन छडा लावायचा. ते दार किलकिलं करून उभे राहिले. पाच मिनिटांत नाना वरून उतरताना दिसले. एक हात कठड्याला, दुसरा डबीवर. तळाशी पोचले, खटका वर केला आणि चढायला लागले. पहिल्या मजल्याशी येईपर्यंत चेहरा लाल, कपाळावर घाम.

"नाना!"

नाना दचकले. "टपाल," ते म्हणाले.

"सात वाजलेत नाना. टपाल येत नाही आता."

नाना पायरीवर बसले. जावईबापूही शेजारी बसले. नानांनी आधी दम खाल्ला. मग नाना म्हणाले, "तुम्हाला मी गेल्या आठवड्यात माझी कंपासपेटी दिली, आठवतंय?"

आठवत होतं तर! पितळी कंपास, दुभाजक, शाईच्या लेखण्या, सगळ्यावर बारीक अक्षरात चिठ्ठ्या. जावईबापूंना वाटलं होतं, वाढदिवसाची भेट लवकर मिळाली. त्यांनी ऑफिसात ती सगळ्यांना दाखवलीही होती.

"ती मी निरोपाची दिली," नाना म्हणाले.

"कसला निरोप?"

"माझं पाऊल हलकं झालंय, जावईबापू. डबी आता माझं पाऊल घेत नाही. पंचवीस दिवसांपूर्वी बागेतल्या मोडक्या बाकापाशी आकडा थांबला, एक कोटी सदुसष्ट लाख सत्याहत्तर हजार दोनशे सोळा. पुढे शंभर पावलं टाकली, हलला नाही. मी जोरात पाय आपटले. हलला नाही. तिथली माणसं बघायला लागली. घरी आलो, जिना चढलो, तेव्हा कुठे आकडा पुढे गेला. तोही छत्तीस पायऱ्यांना चोपन्न न होता बहात्तर. मी समजलो."

"काय समजलात?"

"सपाटीवर चालण्यात आता माझा काही दम उरला नाही. हृदयातून पायापर्यंत पुरेसं पोचत नसणार. चढताना तेवढा जोर लागतो म्हणून डबी घेते, आणि माझ्यासारख्याने चढायचं म्हणजे दुप्पट मेहनत, म्हणून दीडाऐवजी दोन देते. हुशार यंत्र केलंत तुम्ही."

"मग तुम्ही जिनाच..."

"दुसरा मार्ग काय? सकाळच्या फेऱ्या मी सोडल्या नाहीत, सवय म्हणून घालतो. पण मोजलं जातं ते जिन्याचंच. दिवसाला वीस वेळा चढलो तरी अजून पावणेदोन लाखांच्या वर बाकी आहे आणि परवा अकरा वाजता डॉक्टर. पुरं होत नाही. म्हणजे मी पेशंटच जाणार." एवढं बोलून नानांनी डबीवरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसली. "तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही एवढ्या प्रेमाने केलीत. तुम्हाला वाटलं असतं, यंत्राचा दोष. उगाच मनाला लावून घेतलं असतंत."

या वाक्यावर जावईबापूंना रडू आलं असतं, पण मागून सासूबाई आणि बायको, दोघी एकदम दार उघडून उभ्या राहिल्या आणि "विड्या सापडल्या का?" असं सासूबाईंनी खड्या आवाजात विचारलं.

त्या संध्याकाळी नानांना जिनाबंदी झाली. सासूबाई खुर्ची टाकून दारातच बसल्या. जावईबापूंनी डबी उघडली, बॅटरी बदलली, चकतीवर फुंकर मारली, बोर्डावरची धूळ ब्रशने झाडली. मग डबी स्वतःच्या पट्ट्याला लावून बैठकीत वीस फेऱ्या मारल्या. आकडा हलला नाही. आता जावईबापूंचं पाऊल हलकं आहे असं त्यांचा शत्रूही म्हणाला नसता. (खालच्या मजल्यावरून तर लगेच छताला काठी ठोकल्याचा आवाज आला.) तेव्हा हृदयाचा प्रश्नच नव्हता. मग बिघडलं कुठे? अकरा ओळींचा प्रोग्रॅम त्यांनी अकरा वेळा वाचला. एक मिळवा, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. मिळवलं जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते डबी घेऊन ऑफिसात गेले. टेबलाशी बसून त्यांनी ती हातात धरून हलवायला सुरुवात केली. तीनशे हिसके सपाट, तीनशे हिसके जिना. शेजारच्या टेबलावरचा माणूस उठून पाणी घेऊन आला आणि "कोणाला कळवायचं असेल तर नंबर सांगा," म्हणाला.

तेवढ्यात काटेबाई आल्या. काटेबाई म्हणजे या ऑफिसातल्या सगळ्यांत जुन्या तपासनीस. गावभरच्या दुकानांतले तराजू आणि वजनकाटे त्यांच्या हाताखालून जात. कोणत्याही काट्याकडे त्या संशयित आरोपीकडे बघावं तशा बघत. त्यांनी डबी हातात घेतली, आकडा वाचला, खटका खाली करून एक हिसका दिला, वर करून एक दिला.

"सपाटीला शून्य, जिन्याला दोन," त्या म्हणाल्या. "आकडा कुठल्या जागेत ठेवलाय? दशांशाच्या?"

"हो. अर्ध्या पावलासाठी."

"छोटी जागा की मोठी?"

"छोटी. बोर्ड स्वस्तातला होता."

काटेबाईंनी चष्मा काढला. "मला एक सांगा. पोती तोलायचा काटा आहे. त्यावर धान्याचं पोतं ठेवलंय. त्या पोत्यावर मी एक मोहरीचा दाणा ठेवला, तर काटा हलेल?"

"छे!"

"दुसरा ठेवला?"

"नाही."

"एकेक करून लाख दाणे ठेवले, आणि काटा दर वेळी आधीचं विसरून नव्याने बघणारा असला?"

"तरी... नाही." जावईबापूंचा आवाज बारीक झाला.

"तुमच्या डबीचं हेच झालंय. त्या जागेत ठराविकच आकडे मावतात. संख्या लहान असते तोवर अर्धं पाऊलही दिसतं. मोठी होत गेली की मागचं टोक बारीक बारीक म्हणून गळत जातं. त्र्याऐंशी लाखांच्या पुढे गेल्यावर अर्धं दिसेनासं झालं, पूर्णच पाऊल दिसायला लागलं, म्हणून जिन्याच्या दीडाचे तेव्हापासूनच दोन व्हायला लागले. एक कोटी सदुसष्ट लाखांच्या पुढे एकही दिसत नाही, दोन-दोनच्या उड्या. एक मिळवलं की ती विचारते, पुढे जाऊ की मागे राहू, आणि मागेच राहते. दीड मिळवलं की ते दोनच्या जवळचं, म्हणून दोन देते. तुमचे सासरे ठणठणीत आहेत. डबी म्हातारी झालीय."

जावईबापू खुर्चीत मागे टेकले. आनंदाने त्यांनी हुश्श केलं. पण काटेबाईंचं बोलणं संपलं नव्हतं. त्यांनी जावईबापूंच्या टेबलावरचा नोंदींचा कागद उचलला आणि तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"किमान मोजणी," जावईबापू म्हणाले. "काट्याला कमीत कमी किती वजन कळतं, ते."

"किती वर्षं भरताय हा रकाना?"

"अठरा."

"हं," काटेबाई म्हणाल्या. यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पण बाई मनाच्या मोठ्या. जेवणाची सुट्टी सोडून त्यांनी तोडगाही सांगितला. आकडा पूर्णांकाच्या जागेत ठेवायचा आणि पावलं मोजायचीच अर्ध्या-अर्ध्यात. सपाटीला दोन अर्धी, जिन्याला तीन अर्धी, आणि दाखवताना दोनाने भागायचं. जावईबापूंनी तिथल्या तिथे प्रोग्रॅम बदलला. बाईंनी पन्नास हिसके सपाट आणि पन्नास जिना देऊन तपासला, आणि मगच सोडला. जावईबापूंना त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. त्यांनी तसं म्हटलंही. बाई म्हणाल्या, "पडू नका. उठताना त्रास होईल तुम्हाला."

घरी येऊन जावईबापूंनी सगळं सांगितलं. पोतं, मोहरी, उड्या, सगळं. नाना खुर्चीत ताठ बसून ऐकत होते. मग त्यांनी खाली आपल्या पायांकडे बघितलं.

"म्हणजे हे माझेच पाय आहेत," ते म्हणाले. "पहिल्यासारखे."

"तुमचेच, नाना. चूक माझी होती. पंचवीस दिवस तुम्ही माझ्यामुळे..."

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच ओरडल्या, "मग महिनाभर मला सांगायला काय झालं होतं? मी काय परकी?"

"तू घाबरली असतीस."

"मी आता घाबरले नाही का? दाराला हात लावून परत जाणारा नवरा कधी कोणी बघितलाय?"

नाना हसले. महिन्याभरात पहिल्यांदा हसले. मग एकदम त्यांचा चेहरा बदलला आणि त्यांनी वही मागितली.

"थांबा. त्र्याऐंशी लाखांनंतर जिन्याच्या पायरीला दीडाऐवजी दोन मिळत होते, असं म्हणालात?"

"हो, पण ते..."

"म्हणजे पायरीला अर्धं पाऊल फुकट. दिवसाला छत्तीस पायऱ्या, म्हणजे अठरा पावलं. त्र्याऐंशी लाखांपासून आकडा थांबेपर्यंत एक हजार ब्याऐंशी दिवस." पेन्सिल चालली. "एकोणीस हजार चारशे शहात्तर पावलं मी टाकलेली नाहीत. ती वजा करा."

"अहो नाना, असू द्या!" लेक म्हणाली. "कोण बघतंय?"

"पूल बघतो," नाना म्हणाले.

वजा केली. मग गेल्या पंचवीस दिवसांची बेरीज घातली. नानांनी वहीत बागेच्या फेऱ्या आणि जिन्याच्या खेपा रोज लिहून ठेवल्याच होत्या. डबीवर विश्वास उडाला नव्हता तरी वहीवर जास्त होता. त्या दिवसांची पावलं निघाली दोन लाख सदतीस हजार सातशे अठ्ठेचाळीस, मोजलेली आणि न मोजलेली मिळून. एकूण झाली एक कोटी एकोणसत्तर लाख पंच्याण्णव हजार चारशे अठ्ठ्याऐंशी.

"बाकी किती?" सासूबाईंनी श्वास रोखून विचारलं.

"चार हजार पाचशे बारा," नाना म्हणाले. आणि उठून खिडकीशी गेले. आपल्या आयुष्यात एवढा आनंद आपण कोणाला दिला नव्हता आणि एवढा छळही, आणि दोन्ही एकाच डबीतून, असं जावईबापूंना वाटलं, आणि ते मनातल्या मनात काटेबाईंचे पुन्हा एकदा आभार मानत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी बागेच्या फेऱ्या घातल्या नाहीत. "हॉस्पिटलला चालत जाऊ," ते म्हणाले. "पावलं तिथे पुरी करायची आहेत." नव्या प्रोग्रॅमची, खरा आकडा भरलेली डबी कमरेला, इस्त्रीचा शर्ट अंगात. जावईबापू फाइल घेऊन मागे. पहिल्या हजारात जावईबापू गप्पा मारत होते. दुसऱ्या हजारात नुसतेच हुंकार देत होते. चौथ्या हजारात फाइल नानांनी घेतली.

हॉस्पिटलात लिफ्ट होती. जावईबापू तिच्याकडे वळलेही. पण डॉक्टरांची खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि नानांनी खटका वर केलेला. काही इलाज नव्हता.

जिना संपताच खटका खाली करून डॉक्टरांच्या दारासमोर पोचल्यावर नानांनी डबी बघितली आणि थबकले. एक कोटी एकोणसत्तर लाख नव्याण्णव हजार नऊशे शहाऐंशी. चौदा कमी.

"आत चला ना, नाना," जावईबापू धापा टाकत म्हणाले. "आत टाका चौदा."

"आत पेशंट म्हणून जाणार नाही," नाना म्हणाले, आणि कॉरिडॉरमध्ये वळून चालायला लागले. बाकावर बसलेले लोक बघत होते. एका आजीबाईंनी विचारलं, काय चाललंय? जावईबापूंनी दोन श्वासांच्या मधे जमेल तेवढं सांगितलं. आजीबाईंनी मोठ्याने मोजायला सुरुवात केली. सहा-सातला अख्खा बाक मोजत होता. गलका ऐकून डॉक्टर दार उघडून बाहेर आले, तेव्हा बारा पावलं झाली होती.

"काय आहे हे?"

"दोन राहिलीत," नाना म्हणाले. "तिथेच थांबा."

डॉक्टर थांबले. नाना एक पाऊल पुढे आले, मग दुसरं. डबीवर एक, सात आणि सहा शून्यं उमटली. नानांनी ती डॉक्टरांपुढे धरली आणि सहा वर्षांपूर्वीचं वाक्य त्यांना सांगितलं. डॉक्टरांना ते आठवत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण माणूस भला होता. त्यांनी नानांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"आजपासून तुम्ही माझे पेशंट नाही," ते म्हणाले. "आत या, चहा घेऊ. पाहुणे म्हणून."

नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही. वळून जावईबापूंना म्हणाले, "ही डबी नसती तर मी पहिल्याच पावसाळ्यात चालणं सोडलं असतं. रोज वाटायचं, पोराने एवढ्या मायेने केलीय, तिला उपाशी कशी ठेवू? तिने पंचवीस दिवस दगा दिला असेल. पण सहा वर्षं तुम्ही माझ्या कमरेला हात देऊन चाललात."

जावईबापूंना यावर उत्तर द्यायचं होतं. त्या सांडलेल्या चहाचं, त्या ग्लासभर पाण्याचं, सगळंच सांगायचं होतं. पण चार हजार पाचशे पावलांनंतर त्यांच्या तोंडून फक्त एक लांबलचक शिट्टीसारखा आवाज निघाला आणि ते बाकावर आजीबाईंच्या शेजारी कोसळले. डॉक्टरांनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. मनगट धरलं. घड्याळ बघितलं. नर्सला हाक मारली.

"यांचं वय काय?"

"त्रेचाळीस," नाना म्हणाले.

"हं," डॉक्टर म्हणाले. अगदी काटेबाईंसारखं. "यांच्या नावाने नवीन केसपेपर करा. रोज पावणेआठ हजार पावलं."

नानांनी तिथल्या तिथे डबी आपल्या पट्ट्यावरून काढली, आकडा शून्यावर आणला आणि जावईबापूंच्या पट्ट्याला अडकवली. पट्ट्याला त्यासाठी शेवटच्या भोकापर्यंत जावं लागलं.

या गोष्टीला आता तीन आठवडे झाले. काल संध्याकाळी जावईबापू सोफ्यावर पाय पसरून बसले होते. त्यांनी डबी काढून डोळ्यांसमोर धरली, हलवली, कानाला लावली.

"अगं ऐकलंस का? डबी परत बिघडली. दिवसभरात आकडा हललेला नाही."

बायकोने येऊन बघितलं. "एकशे बारा," तिने वाचलं. "तीन आठवड्यांचा एवढासा आकडाही मावत नाही का तुमच्या जागेत?"

"तसं नाही. कदाचित चकतीचा दोष असेल. किंवा माझं पाऊल हलकं झालं असेल."

तेवढ्यात फिरून आलेले नाना दारातून आत आले. पाहुण्यासारखे ताजेतवाने. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, जावईबापूंच्या हातातून डबी घेतली, आपल्या पट्ट्याला अडकवली आणि बैठकीत एकच पाऊल टाकलं. एकशे तेरा.

"यंत्र उत्तम आहे," नाना डबी परत देत म्हणाले. "पाय तपासून घ्या, पेशंट."